ऑइलच्या डब्याची मागची बाजू: इंजिन ऑइल, ब्रेक फ्लुइड, कूलंट यांवरचे आकडे आणि अक्षरं कशी वाचायची

स्पेअर पार्टच्या दुकानात ऑइल मागितलं की काउंटरवरून दोनच प्रश्न येतात: गाडी कुठली, आणि पेट्रोल की डिझेल. उत्तर दिलं की फळीवरून एक डबा उतरतो. पुढच्या बाजूला चकचकीत इंजिनाचं चित्र आणि 'फुल्ली सिंथेटिक' अशी सोनेरी अक्षरं. कामाची माहिती मात्र मागे, बारीक टायपात असते, आणि ती वाचायची कोणी तसदी घेत नाही.

पुढचं सगळं एका गोष्टीवर उभं आहे, म्हणून ती आधीच सांगून टाकतो. ब्रँड, किंमत, 'सिंथेटिक' हा शिक्का, मिस्त्रीचा वीस वर्षांचा अनुभव, या सगळ्यांपेक्षा गाडीच्या मॅन्युअलमधली एक ओळ वरचढ आहे. ती ओळ शोधायची, समजून घ्यायची आणि डब्याच्या मागच्या मजकुराशी ताडून पाहायची, एवढंच काम आहे.

आधी मॅन्युअल

डॅशबोर्डच्या कप्प्यात पीयूसी आणि विम्याच्या कागदांखाली मॅन्युअल पडलेलं असतं. त्याच्या शेवटच्या पानांत 'स्पेसिफिकेशन्स' किंवा 'ल्युब्रिकंट्स' नावाचा तक्ता असतो. त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मॅन्युअल हरवलं असेल तर बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर पीडीएफ मिळते. पण उतरवून घेताना मॉडेल, साल आणि इंजिन तिन्ही जुळवा. गाडीचं नाव दहा वर्षं तेच राहतं आणि बॉनेटखालचं इंजिन मधेच बदललेलं असतं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचं मानक लागू झालं तेव्हा तर कित्येक गाड्यांची ऑइलची शिफारसच बदलली. शेजाऱ्याच्या २०१७ च्या डिझेल गाडीला जे चालतं ते तुमच्या २०२१ च्या त्याच नावाच्या गाडीला चालेलच असं नाही.

तक्त्यात इंजिन ऑइलसमोर दोन गोष्टी दिसतील. एक ग्रेड, म्हणजे ५डब्ल्यू-३० सारखं काहीतरी. दुसरा दर्जा, म्हणजे एपीआय एसपी किंवा एसीईए सी३ सारखी अक्षरं (एपीआय हे अमेरिकी मानक, एसीईए युरोपी; दोन्ही पुढे येतील). बहुतेक लोक पहिली गोष्ट पाहून थांबतात. जास्त चुका दुसरीत होतात.

ग्रेड: ५डब्ल्यू-३० मध्ये काय दडलंय

हा ग्रेड एसएई या अमेरिकी अभियंत्यांच्या संस्थेच्या 'जे३००' मानकातून येतो. डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या अलीकडचा आकडा थंडीत ऑइल किती पातळ राहतं ते सांगतो. ०डब्ल्यूची चाचणी उणे ३५ अंशांवर होते, ५डब्ल्यूची उणे ३०, १०डब्ल्यूची उणे २५, १५डब्ल्यूची उणे २० आणि २०डब्ल्यूची उणे १५ अंशांवर. त्या थंडीत स्टार्टर मोटरला इंजिन फिरवता येईल इतपतच दाटपणा ऑइलला परवानगी असते.

डब्ल्यूच्या पलीकडचा आकडा इंजिन तापल्यावरचा. १०० अंशांना २० ग्रेडचं ऑइल ६.९ ते ९.३ सेंटीस्टोक्स (दाटपणाचं एकक) असावं लागतं, ३० ग्रेडचं ९.३ ते १२.५, ४० चं १२.५ ते १६.३ आणि ५० चं १६.३ ते २१.९. शिवाय १५० अंश तापमानात, जोरदार घासणीखाली तेलाचा थर किती टिकतो याचीही एक चाचणी असते, तिला एचटीएचएस म्हणतात. त्यात २० ग्रेडला किमान २.६ मिलिपास्कल-सेकंद लागतात, ३० ला २.९, आणि ५डब्ल्यू-४० सारख्या ऑइलला ३.५. हा आकडा डब्यावर नसतो, कंपनीच्या डेटाशीटमध्ये सापडतो. मॅन्युअलमधली 'सी२ नको, सी३ च हवं' अशी अट बऱ्याचदा याच आकड्यामुळे असते.

आता गॅरेजमधला नेहमीचा संवाद. "साहेब, झिरो-ट्वेंटी म्हणजे पाणी आहे नुसतं. आपल्याकडच्या उन्हात ट्वेंटी-फिफ्टीच टाका." ऐकायला पटतं, कारण मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरला पारा ४५ च्या वर जातो. पण इंजिनाच्या आतलं तापमान थर्मोस्टॅट सांभाळतो. बाहेर महाबळेश्वरची थंडी असो की विदर्भातलं ऊन, तापलेल्या इंजिनात कूलंट साधारण ९० अंशांच्या आसपास राहतं आणि ऑइल त्याच्या थोडं वर. कंपनीने बेअरिंगमधली फट, ऑइल पंप, व्हॉल्व्ह टायमिंगच्या बारीक वाटा हे सगळं त्या तापमानाचं ठरावीक दाटपणाचं ऑइल धरून आखलेलं असतं.

आणि इंजिन थंड असताना कोणतंच ऑइल 'पाणी' नसतं. नेहमीचं ५डब्ल्यू-३० ऑइल १०० अंशांना साधारण १०-११ सेंटीस्टोक्स असतं, पण ४० अंशांना ते ६०-६५ असतं, म्हणजे सहापट दाट. २०डब्ल्यू-५० तर ४० अंशांना दीडशेच्या पुढे जातं. सकाळी सेल मारल्यावर पहिले काही सेकंद पंपाला ही काकवी वरपर्यंत ढकलायची असते, आणि इंजिनाची झीज नेमकी तेव्हाच जास्त होते. पातळ ऑइल वर लवकर पोचतं.

याचा अर्थ ट्वेंटी-फिफ्टी वाईट असा नाही. जुन्या गाड्या, काही जुन्या बाइक्स यांच्या मॅन्युअलमध्येच ते लिहिलेलं असतं. पुष्कळ मॅन्युअलमध्ये बाहेरच्या तापमानानुसार दोन-तीन ग्रेडचा आलेख असतो. लाखभर किलोमीटर झालेली गाडी ऑइल प्यायला लागली असेल, तर त्या आलेखातलाच एक पायरी जाड ग्रेड घ्यायला हरकत नाही. आलेखाबाहेर मात्र जाऊ नका. महाराष्ट्राच्या हवामानात ०डब्ल्यू की ५डब्ल्यू यावर वाद घालण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. डब्ल्यूच्या पलीकडचा आकडा सांभाळला की बरंचसं साधतं.

दर्जा: एपीआयची अक्षरं

डब्याच्या मागे गोल शिक्का असतो. वरच्या कमानीत एपीआयचा दर्जा, मधोमध ग्रेड. एस ने सुरू होणारी अक्षरं पेट्रोल इंजिनांसाठी, सी ने सुरू होणारी डिझेलसाठी. दुसरं अक्षर वर्णमालेत जितकं पुढे तितकं मानक नवं: एसएल २००१ चं, एसएम २००४ चं, एसएन २०१० चं, एसपी २०२० चं आणि एसक्यू २०२५ चं. पेट्रोलमध्ये नियम सोपा आहे. मॅन्युअलने सांगितलेला दर्जा किंवा त्याच्या पुढचा घ्या, मागचा नको. एसएम मागणाऱ्या गाडीला एसपी चालतं. एसपी मागणाऱ्या गाडीला एसएम नाही.

एसपी आलं त्यामागे एक खास कारण आहे. छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनांत, विशेषतः सिलिंडरमध्ये थेट इंधन फवारणाऱ्या, कमी आरपीएमवर जोर पडला की ठिणगीच्या आधीच इंधन पेटतं. त्याला एलएसपीआय म्हणतात, आणि त्याने पिस्टन फुटू शकतो. ऑइलमधल्या कॅल्शियमच्या डिटर्जंटने हा धोका वाढतो असं आढळलं, म्हणून नव्या मिश्रणांत त्यातला काही भाग मॅग्नेशियमचा असतो. टायमिंग चेनच्या झिजेची चाचणीही एसपीमध्येच आली. एक लिटरचं टर्बो इंजिन असेल तर स्वस्तात मिळालं म्हणून जुन्या दर्जाचं ऑइल भरणं महागात पडू शकतं.

आणि एसएफ, एसजी अशी अक्षरं दिसली तर डबा परत फळीवर. पहिलं मानक १९८८ पर्यंतच्या इंजिनांसाठीचं, दुसरं १९९३ पर्यंतच्या.

डिझेलमध्ये सीआय-४, सीजे-४, सीके-४ असा क्रम आहे आणि इथेही नवं सहसा जुन्याची जागा घेतं. अपवाद एफए-४ चा. ते सीके-४ च्याच वेळी, २०१६ अखेर आलं, पण ते मुद्दाम पातळ ठेवलेलं ऑइल आहे आणि जुन्या डिझेल इंजिनांसाठी नाही.

बीएस-६ डिझेल आणि राखेचा प्रश्न

डिझेल गाडी २०२० नंतरची असेल तर हा भाग नीट वाचा. धुराड्याच्या वाटेत डीपीएफ नावाचा फिल्टर बसलेला असतो. तो काजळी पकडतो आणि मधूनमधून स्वतः तापून ती जाळून टाकतो. काजळी जळते, पण इंजिनात थोडंथोडं जळणाऱ्या ऑइलमधली धातूंची राख जळत नाही. ती फिल्टरमध्ये कायमची साचते. म्हणून अशा गाड्यांना कमी राखेचं ऑइल लागतं.

ते ओळखायचं युरोपच्या एसीईए मानकावरून. ए३/बी४ म्हणजे नेहमीच्या राखेचं, डीपीएफ नसलेल्या गाडीचं. सी२, सी३, सी५ अशी सी ची मालिका कमी राखेची. सी३ मध्ये राख जास्तीत जास्त ०.८ टक्के आणि एचटीएचएस किमान ३.५. दोन्ही डबे ५डब्ल्यू-३० असू शकतात, एकाच कंपनीचे असू शकतात, किंमतही जवळपास सारखी. चुकीचा उचलला तर गाडी त्या दिवशी मस्त चालते. फिल्टर लवकर भरतो आणि त्याचा खर्च मागाहून समोर येतो.

अशा गाड्यांत डिपस्टिक वरचेवर पाहायची सवय लावा. गाडी रोज तीन-चार किलोमीटरच फिरत असेल तर डीपीएफ जाळायचं काम अर्धवट राहतं, त्यासाठी फवारलेलं जादा डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि पातळी वाढत जाते. ऑइल कमी होत नाही म्हणून खूश होऊ नका. खूण 'मॅक्स'च्या वर गेली आणि डिझेलचा वास आला तर ते बदलायला झालंय.

'मीट्स' आणि 'अप्रूव्हल' यांतला फरक

समजा मागच्या बाजूला असं छापलंय: एसएई ५डब्ल्यू-३०, एपीआय एसपी, एसीईए सी३, एमबी-अप्रूव्हल २२९.५१, आणि खाली 'सुटेबल फॉर यूज व्हेअर व्हीडब्ल्यू ५०४ ००/५०७ ०० इज रिक्वायर्ड'.

पहिल्या ओळी आता तुम्हाला वाचता येतात. २२९.५१ समोर 'अप्रूव्हल' आहे, म्हणजे मर्सिडीज-बेंझने ते ऑइल तपासून लेखी मान्यता दिली आहे. फोक्सवॅगनच्या क्रमांकासमोर 'सुटेबल' आहे. म्हणजे ऑइलवाला म्हणतोय की आमचं ऑइल तिथे चालेल. गाडीवाल्याने तसं म्हटलेलं नाही. 'मीट्स', 'एक्सीड्स', 'रेकमेंडेड फॉर' हे शब्दही त्याच गटातले. ते खोटे असतात असं नाही. पण चाकणला किंवा छत्रपती संभाजीनगरला जोडलेली फोक्सवॅगन-स्कोडाची गाडी वॉरंटीत असेल, तर क्रमांकासमोर 'अप्रूव्हल' असलेलाच डबा घ्या. या गटाच्या गाड्यांत नुसत्या ग्रेडवर भागत नाही: ५०२ ००, ५०४ ००, ५०८ ०० ही वेगवेगळी ऑइल आहेत.

'फुल्ली सिंथेटिक'बद्दल दोनच वाक्यं. ते मूळ तेल कसं बनवलं याबद्दलचं विधान आहे, आणि बाजारातल्या बऱ्याचशा सिंथेटिक ऑइलचा पाया खनिज तेलच असतं, खूप शुद्ध केलेलं. योग्य दर्जाचं सेमी-सिंथेटिक चुकीच्या दर्जाच्या फुल्ली सिंथेटिकपेक्षा केव्हाही चांगलं.

बाइक आणि स्कूटर

बाइकचं इंजिन ऑइल तीन ठिकाणी काम करतं: इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच. क्लचच्या प्लेटा त्याच ऑइलात बुडालेल्या असतात. कारच्या इंधन वाचवणाऱ्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात. ती क्लचप्लेटवर बसली की क्लच घसरतो, आरपीएम चढतात आणि गाडी पुढे सरकत नाही. म्हणून जपानी जॅसो मानक पाहायचं. गिअरच्या बाइकला एमए किंवा एमए२. गिअरलेस स्कूटरचा क्लच कोरडा, ऑइलबाहेर असतो, त्यामुळे तिला एमबी चालतं आणि बऱ्याच स्कूटरना तेच सांगितलेलं असतं. स्कूटरचं एमबी बाइकमध्ये ओतू नका. ग्रेड दोन्हींचा १०डब्ल्यू-३० असू शकतो, त्यामुळे गल्लत सहज होते.

स्कूटरच्या मागच्या चाकाजवळ शे-सव्वाशे मिली गिअर ऑइलही असतं. सर्व्हिसिंगला ते विसरण्याचं प्रमाण मोठं आहे. विचारा.

ब्रेक फ्लुइड: इथे चुकीला माफी नाही

ब्रेक फ्लुइडच्या टाकीचं झाकण पाहा. त्यावरच 'डॉट ३' किंवा 'डॉट ४' कोरलेलं असतं. डॉटचा आकडा मुख्यतः उकळणबिंदू सांगतो. नवं, कोरडं डॉट ३ किमान २०५ अंशांना उकळायला हवं, डॉट ४ २३० ला, डॉट ५.१ २६० ला. पण हे द्रव हवेतली आर्द्रता शोषतं. ३.७ टक्के पाणी शिरल्यावर डॉट ३ चा उकळणबिंदू १४० पर्यंत उतरू शकतो, डॉट ४ चा १५५ आणि ५.१ चा १८० पर्यंत. पाचगणीहून वाईला पसरणी घाट उतरताना पाय सतत ब्रेकवर असेल तर कॅलिपर चांगलेच तापतात. फ्लुइड उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडे दाबले जातात आणि पेडल थेट खाली जातं. घाट ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम यासाठीच आहे.

कोकणातल्या दमट हवेत तर दर दोन वर्षांनी फ्लुइड बदलणं मी चुकवणार नाही, किलोमीटर कितीही कमी होवोत. बाटली सीलबंदच घ्या. गॅरेजच्या फळीवर अर्धी उघडी बाटली महिनोन्महिने पडलेली असेल तर ती नाकारा.

आणि नावांचा घोळ लक्षात ठेवा. डॉट ३, ४ आणि ५.१ एकाच ग्लायकोल घराण्यातले आहेत. ३ च्या जागी ४ चालतं. डॉट ५ मात्र सिलिकोनचं असतं आणि यांच्यात मिसळायचं नसतं. ५ आणि ५.१ मध्ये फक्त एका टिंबाचा फरक दिसतो, द्रव पूर्ण वेगळे आहेत. ब्रेक फ्लुइड रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, रंग उतरतो.

कूलंट: रंगावर जाऊ नका

हिरवं, लाल, निळं, गुलाबी. कूलंटचा रंग उत्पादक आपल्या मर्जीने घालतो, तो कुठल्याही मानकाचा भाग नाही. पाहायचा तो प्रकार, आणि तो आतल्या गंजरोधक द्रव्यांवरून ठरतो. जुन्या पद्धतीचं आयएटी लवकर संपतं, ओएटी जास्त टिकतं, आणि दोन्हींचं मिश्रण असलेलं एचओएटी. युरोपात पाणी जड, त्यामुळे तिथले कूलंट फॉस्फेट टाळतात आणि सिलिकेट वापरतात. जपानी गाड्यांची पसंती नेमकी उलटी. वेगवेगळ्या प्रकारांची सरमिसळ केली तर गंजरोधक द्रव्यं कमकुवत होतात, कधी गाळ धरतो. भारतीय मानक आयएस ५७५९ आहे. बाटलीवर ते आणि तुमच्या मॅन्युअलमधला प्रकार, दोन्ही शोधा.

बाटली कॉन्सन्ट्रेट आहे की तयार मिश्रण, हेही वाचा. कॉन्सन्ट्रेटमध्ये डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड पाणीच घालायचं. बोअरवेलच्या जड पाण्याने रेडिएटरच्या नळ्यांत क्षार धरतात. वाटेत गाडी तापून अडकलात तर बिस्लरीवर घरी या, पण नंतर सगळं काढून नवं भरा. इंजिन गरम असताना झाकण उघडू नका, आणि सांडलेलं कूलंट लगेच पुसा: इथिलीन ग्लायकोल गोडसर आणि विषारी असतं, कुत्री-मांजरं ते चाटतात.

गिअरबॉक्स

गिअर ऑइलचे आकडे इंजिन ऑइलशी ताडू नका, मोजपट्टी वेगळी आहे. ७५डब्ल्यू-९० हे गिअर ऑइल दाटपणाला साधारण ४०-५० ग्रेडच्या इंजिन ऑइलच्या आसपास येतं. महत्त्वाचं आहे ते जीएल-४ की जीएल-५. मोठा आकडा म्हणजे वरचा दर्जा असा समज इथे घात करतो. जीएल-५ डिफरन्शियलसाठी बनलेलं, त्यात गंधकाची द्रव्यं जास्त. मॅन्युअल गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रोनायझर कड्यांना (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या) त्याचा त्रास होऊ शकतो आणि गिअर खडखडत पडतात. जीएल-४ लिहिलं असेल तर जीएल-४ च भरा.

ऑटोमॅटिकमध्ये तर अजिबात अंदाज नको. एटीएफ (नेहमीच्या ऑटोमॅटिकचं), सीव्हीटी फ्लुइड (पट्टा-पुलीच्या गिअरबॉक्सचं) आणि डीसीटी फ्लुइड (दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्सचं) ही तीन वेगळी द्रव्यं आहेत. सीव्हीटीचा पट्टा पुलीवर घट्ट धरून राहावा असं घर्षण त्याच्या फ्लुइडमध्ये बांधलेलं असतं; तिथे साधं एटीएफ गेलं तर गिअरबॉक्सच जाऊ शकतो. एएमटी (क्लच आणि गिअर यंत्रणेने आपोआप बदलणारा) मात्र आतून साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो. त्याला गिअर ऑइल, आणि गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचं हायड्रॉलिक फ्लुइड असेल तर ते वेगळं.

डीईएफ

निळ्या झाकणाची टाकी असलेल्या डिझेल गाड्यांना धूर स्वच्छ करायला डीईएफ (डिझेल एक्झॉस्ट फ्लुइड), म्हणजे युरियाचं ३२.५ टक्के द्रावण लागतं. आयएसओ २२२४१ लिहिलेलंच घ्या आणि उत्पादनाची तारीख पाहा. ३० अंशांवर ते साधारण वर्षभर टिकतं, ३५ वर सहा महिने, म्हणजे पत्र्याच्या शेडमध्ये कॅन साठवून ठेवण्यात फायदा नाही. चुकून डिझेलच्या टाकीत ओतलं तर चावी फिरवू नका, गाडी टो करून न्या.

दुकानात आणि गॅरेजमध्ये

मोबाइलमधला तक्त्याचा फोटो उघडा आणि डबा उलटा करून ग्रेड, दर्जा, लागू असेल तर कंपनीचा क्रमांक ताडून पाहा. झाकणाचं सील आणि बॅच क्रमांक तपासा. क्यूआर कोड असेल तर स्कॅन करा. मिस्त्रीकडे ऑइल भरून घेताना सील तुमच्यासमोर फोडायला सांगा आणि रिकामे डबे मागून घ्या. भरून झाल्यावर इंजिन थोडं चालवून बंद करा, पाचेक मिनिटांनी सपाट जागेवर डिपस्टिक बघा. 'मॅक्स'च्या वर गेलेलं ऑइलही वाईटच: क्रँकशाफ्ट ते घुसळून फेस करतो आणि दाब घटतो.

सर्व्हिस सेंटरमध्ये ऑइल बॅरलमधून येतं, तिथे डबा दिसत नाही. मग जॉबकार्डवर 'इंजिन ऑइल ३.५ लिटर' एवढंच लिहू देऊ नका. ग्रेड, दर्जा आणि किलोमीटरचा आकडा लिहून घ्या, आणि ते जॉबकार्ड जपून ठेवा. उद्या वॉरंटीत इंजिनाचं काम निघालं तर मागितला जाणारा पहिला कागद तोच असतो.